टेंगस्ट्रॉम सरांचं अस्वलापुरतं पिस्तूल

अस्वल मारायचं नव्हतं. टेंगस्ट्रॉम सरांनी हे पहिल्या दिवसापासून भेटेल त्याला सांगितलं होतं. अस्वलाशी त्यांचं कसलंही वैर नव्हतं. उलट क्लॅम पॉइंटच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवताना "अलास्कात अस्वल मालक, आपण भाडेकरू" हे वाक्य त्यांनी दरवर्षी फळ्यासमोर उभं राहून म्हटलं होतं. त्यांना फक्त बायको परत यायला हवी होती, आणि नवराबायकोच्या मध्ये एक अस्वल आलं होतं.

मारेन जानेवारीत गेली. लेकीला, केटलिनला, जुळी झाली म्हणून खाली अ‍ॅरिझोनात, टूसॉनला गेली. जाताना म्हणाली, "थोडे दिवस. पोरं जरा अंग धरू देत." पोरांनी अंग धरलं. मग एकाला दात आले. जुळ्यांचं एक वाईट असतं, प्रत्येक गोष्ट दोनदा होते, त्यामुळे मग दुसऱ्याला दात आले. मग एक पालथा पडायला लागला आणि दुसरा पडेना म्हणून काळजी. तेवढ्यात क्लॅम पॉइंटचं बर्फ वितळलं, खाडीत पहिले सामन मासे आले, आणि दाराशी ठेवलेले मारेनचे रबरी बूट सरांनी तीनदा पुसून पुन्हा तिथेच ठेवले.

फोन रोज व्हायचा. मारेन सांगायची, "आमच्याकडे ना, दारातच लिंबाचं झाड आहे." सर म्हणायचे, "वा." पण फोन ठेवल्यावर ते लिंबू त्यांना आंबट लागायचं. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? चाळीस वर्षं ज्या घराला ती आपलं घर म्हणत होती, त्याला आता "तिकडे काय हवा?" एवढंच उरलं होतं. बोलणार कुणाशी? नातवंडांवर रुसणारा आजोबा कुठल्याच देशात शोभत नाही.

मग जूनमध्ये मारेन आपणहून म्हणाली, "ऑगस्टात बेरी तोडायला यावं म्हणते."

सरांनी हातातला कप खाली ठेवला. "ये की."

"पण चर्चमधल्या ग्लॅडिसचा फोन होता. पिल्लंवाली अस्वलीण फिरतेय म्हणाली यंदा, आपल्या बाजूला. हे बघ ऑर्विल, मी आता दोन पोरांची आजी आहे. तू हाताशी काहीतरी धड ठेवशील तर मी त्या झुडपात पाऊल टाकीन. नाहीतर मी इथेच बरी."

सरांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. पिस्तूल घेतलं की बायको येते. सरळ हिशेब होता.

आता त्या बेरीच्या जागेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. क्लॅम पॉइंटचा माणूस तुम्हाला आपला पगार सांगेल, मूळव्याधीचं ऑपरेशन सांगेल, सुनेशी झालेलं भांडण साभिनय करून दाखवेल. पण ब्लूबेरी कुठे तोडतो हे तो मरताना पाद्र्यालाही सांगत नाही. मारेनला ती जागा तिच्या आईनं दाखवली, तीही तिचं लग्न होऊन बरीच वर्षं गेल्यावर, जावई टिकाऊ आहे अशी खात्री पटल्यावर. नवराबायको गाडी भलत्याच पायवाटेशी लावत, उलट दिशेला चालायला लागत आणि मोठा वळसा घालून तिथे पोहोचत. बादल्यांवर कोट टाकलेला असे. इतकी वर्षं झाली, गावाला पत्ता लागला नव्हता.

सुरुवात सरांनी फवाऱ्यानं केली. अस्वलाच्या तोंडावर मारायचा तो तिखटाचा फवारा दुकानात डबाबंद मिळतो, आणि वनखात्यातली माणसं सांगतात की बंदुकीपेक्षा तोच भरवशाचा. सांगतात ते खरंच असावं. पण सरांनी तो डबा गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, त्यावर किराणा ठेवला, आणि वळणावर किराणा सरकून फवारा गाडीतच सुटला. डासांमुळे काचा बंद होत्या. सर हमरस्त्यावर गाडी सोडून चक्क ओढ्यात तोंड घालून बसले, आणि मागच्या गाडीतल्या बाई बराच वेळ त्यांना कुठलं दुःख झालंय असं विचारत राहिल्या. त्या दिवसापासून फवारा हा विषय सरांच्या घरात निघाला नाही.

म्हणून ते शेजारच्या ड्वेन हॅकेटकडे गेले. ड्वेन बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं.

"रिव्हॉल्व्हर," ड्वेन म्हणाला. "चव्वेचाळीस मॅग्नम. दुसरं काही घेतलंस तर माझ्या अंगणातून जाऊ नकोस."

"पण जड असतं म्हणतात."

"अस्वल जड नसतं? मला आधी सांग, जागा कशी आहे? उघडं माळरान आहे की झाडी? त्यावर सगळं ठरतं."

आता भूगोलाच्या मास्तरला जमीन कशी आहे विचारणं म्हणजे गवयाला 'घसा बरा आहे का' विचारण्यासारखं आहे. सर म्हणाले, "जागा मी सांगणार नाही. पण उत्तरेकडे उतरणारा उतार आहे. वरच्या अंगाला जुन्या वणव्याची जळकी खोडं, खाली आल्डरची इतकी दाट झुडपं की पाच पावलांपलीकडे दिसत नाही."

"अस्सं," ड्वेन म्हणाला आणि बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला.

ही बातमी ग्लॅडिसला कळायला संध्याकाळ व्हावी लागली नाही. ग्लॅडिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. वय पंच्याहत्तर, आवाज मऊ, आणि पर्समध्ये भजनाच्या पुस्तकाशेजारी दहा मिलिमीटरचं पिस्तूल.

"ड्वेनचं ऐकू नका," ती म्हणाली. "सहा गोळ्या. सातव्या वेळी काय करणार, प्रार्थना? प्रार्थना मी आधीच केलेली असते, म्हणून माझ्या पिस्तुलात पंधरा गोळ्या असतात. बरं, जवळपास वाहतं पाणी आहे का? पाण्याच्या आवाजात अस्वलाला माणसाची चाहूल लागत नाही. ते दचकलं की संपलं."

मुद्दा इतका शास्त्रीय होता की सरांना राहवेना. "ओढा आहे. दोनदा वळसा घेतो, नागमोडी, अगदी पाठ्यपुस्तकातला. पण जागा मात्र मी सांगणार नाही."

"मी विचारलीच नाही," ग्लॅडिस म्हणाली.

निवाडा करून घ्यायला सर बंदुकांच्या दुकानात गेले. दुकान टॉबी क्रेनचं. टॉबी सरांचा विद्यार्थी. सरांनी त्याला भूगोलात काठावर पास केलं होतं आणि ते तो विसरला नव्हता.

"सर, पिस्तूल नंतर. आधी गोळी," टॉबी म्हणाला. त्यानं काउंटरवर दोन गोळ्या ठेवल्या. "या पोकळ तोंडाच्या गोळीत आणि या सपाट तोंडाच्या गोळीत फरक काय? सावकाश उत्तर द्या."

"एकीला तोंड आहे," सर म्हणाले.

"पोकळ गोळी अंगात शिरली की फुलते आणि थांबते. चोराला ठीक. अस्वलाला चरबी केवढी, हाडं केवढी. तिथे कडक शिशाची, सपाट तोंडाची, आत आत जाणारी गोळी लागते. चूक गोळी भरलीत तर अस्वल नुसतं चिडेल. काठावर पास व्हाल सर."

सरांनी ते निमूट ऐकून घेतलं. बायकोसाठी माणूस काय काय ऐकून घेतो.

"आणि चालायचं किती?" टॉबीनं विचारलं. "पिस्तुलाचं वजन त्यावर बघायचं."

"अर्धा तास. म्हणजे जुन्या लाकडी पुलापासून सरळ गेलं तर दहाच मिनिटं. आम्ही वळसा घालतो."

"बरोबर. घालायलाच हवा," टॉबी म्हणाला.

दोन्ही हत्यारं चालवून बघायची ठरली. ड्वेननं आपलं स्मिथ कंपनीचं चव्वेचाळीस आणलं, गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत सरांना उभं केलं आणि म्हणाला, "घट्ट धर." सरांनी घट्टच धरलं होतं. पण रिव्हॉल्व्हर उडालं ते थेट त्यांच्या कपाळावर आलं. लक्ष्य म्हणून ठेवलेला रंगाचा डबा जागचा हलला नाही. त्या संध्याकाळी फोनच्या पडद्यावर मारेननं विचारलं, "कपाळाला काय झालं?"

"कपाटाचं दार."

"कपाटाला 'स्मिथ' असं नाव कधीपासून आलं?"

सर वळून दिव्याच्या सावलीत बसले. पलीकडे एक पोर रडायला लागलं, मग दुसरं, आणि मारेन "थांब हं" म्हणून उठून गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि तिच्यामागचं लिंबाचं झाड दिसत राहिलं. सरांनी बराच वेळ खुर्चीकडे बघून मग फोन ठेवला.

ठरलं ग्लॅडिससारखं दहा मिलिमीटर. ड्वेननं बोलणं टाकलं. पण घेणं बाकी होतं, आणि इथे सरकार आडवं आलं. अर्जात राहत्या घराचा पत्ता लागतो. क्लॅम पॉइंटमध्ये टपाल घरी येत नाही, प्रत्येकाची पोस्टात एक पेटी असते, आणि लायसन्सपासून वीजबिलापर्यंत सगळीकडे त्या पेटीचा नंबर असतो.

"पेटीत माणूस राहत नाही सर," टॉबी हळहळून म्हणाला. "सरकारी कागद हवा. घराचा."

सर नगर कचेरीत गेले. तिथे जोलीन बसते, तीही त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं नकाशा काढला आणि तिचा चेहरा पडला. सरांच्या गल्लीला नगर कचेरीनं एक नाव दिलं होतं, आगीच्या बंबवाल्यांनी दुसरं, आणि ड्वेननं स्वतः रंगवून 'हॅकेट मार्ग' अशी पाटी ठोकली होती, ती कुणीतरी नकाशात खरी धरली होती.

"म्हणजे मी ड्वेनच्या रस्त्यावर राहतो?" सरांचा आवाज चढला. न बोलणाऱ्या माणसाच्या नावानं राहणं म्हणजे अतीच झालं.

"सर, तुम्ही कुठे राहता ते मला माहीत आहे. मी लहानपणी तुमची काच फोडलीय. पण ते कागदावर नाही ना."

शेवटी तिनं कुठूनतरी मार्ग काढला, शिक्का मारला आणि सहज म्हणाली, "जागा नगर हद्दीच्या आत येते का हो, बेरीची? आत गोळीबाराचे नियम वेगळे आहेत. उगीच दंड नको." नकाशा समोरच पसरलेला होता. चुकीच्या ठिकाणी हद्द दाखवणाऱ्या नकाशासमोर सरांना आयुष्यात गप्प बसता आलं नव्हतं. त्यांचं बोट आपोआप गेलं. "हद्द ही इथून जाते, या टेकाडाच्या..." मग त्यांनी घाईनं त्यावर टोपी ठेवली. जोलीननं टोपीकडे आदरानं पाहिलं.

टेंगस्ट्रॉम हे नाव देशात आपलं एकट्याचं आहे असा सरांचा समज होता आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. सरकारी तपासणीत निघालं की ऑर्विल टेंगस्ट्रॉम नावाचा आणखी एक इसम आयडाहोत आहे आणि पोलिसांना तो हवा आहे. परवानगी अडकली. गावात सरांकडे लोक जरा निराळ्या नजरेनं बघायला लागले. किराणा दुकानातली बाई म्हणाली, "आयडाहोत काय केलंत ते विचारणार नाही, पण तुमच्यात दम आहे असं वाटलं नव्हतं." आपल्याला कुणी गुन्हेगार समजतंय याचं दुःख करावं की त्यामुळे आपला मान वाढतोय याचं, हे सरांना ठरवता येईना.

ऑगस्ट उजाडला तसा परवाना सुटला. पिस्तूल घरी आलं. छातीवर बांधायचा चामड्याचा पट्टाही आला. इथले लोक मासेमारीला जाताना पिस्तूल तसंच छातीवर बांधतात. सरांनी बांधला तर एक पट्टा कानामागून जायला लागला. पण मनातून ते खूश होते. काय काय सोसलं आपण. आणि जागा? जागेचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. ड्वेनला उतार माहीत होता, ग्लॅडिसला ओढा, टॉबीला पूल आणि जोलीनला टेकाड. चौघं रविवारी चर्चनंतर एकाच टेबलाशी कॉफी पितात आणि त्यातल्या दोघांना नकाशा जुळवायला आपणच शिकवलंय, हे मात्र सरांच्या ध्यानात आलं नाही.

मारेन छोट्या विमानातून उतरली तेव्हा सरांनी आधी तिची बॅग पाहिली. बॅग लहान होती. आठवड्यासाठी आणतात तेवढी.

"वीस तारखेचं परतीचं तिकीट आहे," ती गाडीत बसता बसता म्हणाली. "केटलिनला कामावर जायचंय."

"हो, हो. बरोबर," सर म्हणाले.

तिचे केस आखूड झाले होते, रंग रापला होता. घरी आल्यावर चहासाठी तिनं चमचा शोधायला भलताच खण उघडला, मग दुसरा उघडला. सर बघत उभे होते. चमचे कुठे आहेत हे त्यांनी सांगितलं नाही. आपल्याच घरात तिला ते सांगावं लागणं त्यांना सहन झालं नसतं. तिसऱ्या खणात तिला सापडले.

सकाळी निघताना सरांनी पट्टा चढवला. मारेननं पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. "वळ इकडे. हा बंद उलटा घातलायस." तिनं एक बक्कल सोडलं, खांद्यावरून हात फिरवत पट्टा सारखा केला, पाठीमागे जाऊन ओढला. "पोरांना छातीशी बांधायचा असाच असतो. दिवसातून दहा वेळा बांधते मी. आता बरं वाटतं?"

सर हूं म्हणाले. जानेवारीपासून त्यांच्या खांद्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. पट्टा आणखी थोडा बिघडावा असं त्यांना फार वाटलं.

गाडी भलत्या वाटेशी लावली, वळसा घेतला, ओढ्यापाशी आले. अस्वल दचकू नये म्हणून इथे ओरडत जायचं असतं. सर ओरडले, "हे अस्वला, आम्ही येतोय."

समोरचं आल्डर हललं. काळंकुट्ट काहीतरी वाकलं आणि उठलं. मारेन सरांच्या पाठीला चिकटली. सरांचा हात छातीशी गेला. टॉबीनं शिकवलेलं सगळं ते एका क्षणात विसरले, आणि नेमकी कुठली गोळी भरलीय तेही आठवेना.

"अस्वला, मागे हो," सर म्हणाले.

"मी आहे सर. टॉबी," झुडूप म्हणालं.

मग दुसरीकडून ग्लॅडिस उभी राहिली, तिच्यामागून जोलीन, आणि उतारावरच्या खोडाआडून ड्वेन, महिनाभर न बोललेला. प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेली बादली आणि प्रत्येकाच्या छातीवर एकेक पिस्तूल. एवढी हत्यारं अलास्कात एका ओढ्याकाठी क्वचित जमली असतील. अस्वलीण बिचारी पिल्लांना घेऊन केव्हाच दुसऱ्या खोऱ्यात निघून गेली असणार. झुडपांवर एक निळा मणी उरला नव्हता.

 शेवटी ग्लॅडिसनं तिची बादली पुढे केली. "मारेन, तू घे ही. आम्ही मुद्दाम केलं नाही गं. आम्हाला वाटलं, तू काही यायची नाहीस आता. मग बेरी कुजून जाण्यापेक्षा..."

"कोण म्हणालं मी यायची नाही?"

सगळे आपापल्या बादलीत बघायला लागले. मारेननं नवऱ्याकडे वळून पाहिलं. सरांना बघायला बादलीतही काही नव्हतं, ती रिकामी होती, तरी ते तिच्यातच बघत होते.

माणसं गेली. जाताना ड्वेन सरांजवळ थांबला, "दहा मिलिमीटर वाईट दिसत नाही तुला," एवढं बोलला आणि निघाला. मारेन एका जळक्या खोडावर बसली. सरांनी तिला सगळं सांगितलं, उतार, ओढा, पूल, टोपी. ती आधी संतापली. आईचं नाव काढलं. मग कपाळावर अजून पुसट दिसणाऱ्या त्या 'स्मिथ'कडे बघून तिला हसू आलं, ते आवरेना, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

"तुलाही वाटलं होतं ना," ती म्हणाली, "मी यायची नाही असं?"

"रोज वाटत होतं," सर म्हणाले. "तू तिथे सुखात आहेस. मग इथे ये म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं. इथे काय आहे, मी आहे आणि थंडी आहे."

 मारेननं खाली वाकून ब्लूबेरीच्या झुडपांखालचा शेवाळाचा थर हातानं बाजूला केला. बुटकी, चकचकीत पानांची क्रॅनबेरी सगळ्या उतारभर पसरली होती. फळं अजून पांढरट, एखाद्याच्या गालावर लाली. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

"कच्ची आहेत," सर म्हणाले.

"हिम पडल्याशिवाय गोडी येत नाही यांना. सप्टेंबर उजाडणार." तिनं शेवाळ पुन्हा सारखं केलं. "तोवर टॉबी येईल. ग्लॅडिस येईल."

"येतील."

"राखण कोण करणार?"

"मी करीन. पिस्तूल आहे माझ्याकडे."

"तू राखण करशील आणि येईल त्याला जमिनीचा चढउतार समजावून सांगशील." मारेन उठली, गुडघ्यावरची माती झटकली. "फोन लागतो का इथे?"

"त्या खडकावर चढलं तर लागतो."

ती खडकावर चढली. सर खाली उभे राहिले. वरून तिचा आवाज आला, "केटी, ऐक. पोरांसाठी कुणाची तरी सोय बघ. तिकीट बदलावं लागेल. नाही, बरी आहे मी. नाही गं, तोही बरा आहे. इथे हिम पडल्याशिवाय मला निघता यायचं नाही."

सरांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, ऊन होतं, पण सावलीत आताच गारवा धरायला लागला होता. सर कधी देवाकडे काही मागणारे नव्हते. यंदा हिम उशिरा पडू दे, एवढंच त्यांनी मागितलं.